उजेडाचा उंबरठा

(जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. वाचकांच्या सोयीसाठी काही वाक्ये सलग केली आहेत. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



समीक्षा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कविता येते, कादंबरी येते, नाटक येतं, फार तर सिनेमा येतो. एखाद्या चिपचीही समीक्षा करायची असते, असं आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. चिपची फक्त मोजणी होते. अमुक गेममध्ये सेकंदाला इतक्या फ्रेम, तमुक गेममध्ये तितक्या, आणि मग एकाखाली एक रंगीत पट्टे. ज्याचा पट्टा लांब, तो जिंकला. ही मोजणी करणारे लोक फार कष्ट घेतात आणि मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण ही वस्तू कशासाठी आहे आणि कुणासाठी आहे, हे दोन प्रश्न पट्ट्यांच्या बाहेर राहतात. समीक्षेचं काम तिथून सुरू होतं. आज मला इंटेलच्या आर्क या ग्राफिक्स चिपबद्दल आणि तिच्या निमित्ताने गेममधल्या रे ट्रेसिंगबद्दल या अंगाने बोलायचं आहे.

एक तारीख सांगतो. १२ ऑक्टोबर २०२२. या एकाच दिवशी दोन कंपन्यांची कार्डं बाजारात आली. एक एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०९०. अमेरिकेतली किंमत १,५९९ डॉलर. दुसरं इंटेलचं आर्क ए७७०; किंमत ३२९ डॉलरपासून पुढे, आणि सोबत त्याचा धाकटा भाऊ ए७५०, २८९ डॉलरला. त्या दिवशी चर्चा कुणाची झाली हे सांगायला नको. जगातलं सगळ्यात वेगवान कार्ड एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला एक नवखा गडी, तोही मधल्या किमतीचा. पण माझं म्हणणं असं आहे की गेम खेळणाऱ्या सामान्य माणसाच्या दृष्टीने त्या दिवशीची मोठी घटना दुसरी होती. का, ते सांगण्यासाठी आधी उजेडाकडे जावं लागेल.

रे ट्रेसिंग म्हणजे किरणाचा माग काढणं. कल्पना अजिबात नवी नाही. आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकाराच्या १५२५ सालच्या पुस्तकात एक ठशाचं चित्र आहे. टेबलावर ल्यूट नावाचं तंतुवाद्य ठेवलेलं आहे. भिंतीतल्या एका कडीपासून दोरा ताणून वाद्यावरच्या एका बिंदूला लावला आहे. मधे एक उभी चौकट. दोरा चौकटीतून जिथून जातो, तिथे खूण करायची. अशा शेकडो खुणा झाल्या की वाद्याचं अचूक चित्र तयार. ती भिंतीतली कडी म्हणजे डोळा, चौकट म्हणजे पडदा आणि दोरा म्हणजे किरण. संगणकाने पुढे हेच केलं. १९६८ साली आयबीएममधल्या आर्थर अॅपेल यांनी किरण पाठवून सावल्या काढायची पद्धत मांडली. १९८० साली बेल लॅब्जमधल्या टर्नर व्हिटेड यांनी किरण एका वस्तूवर आपटून दुसरीकडे जातो, काचेतून वाकतो, पुन्हा आपटतो, हे सगळं एका सूत्रात बसवलं. त्यांचं गोल आणि चौकटीच्या फरशीचं प्रसिद्ध चित्र फक्त ६४० बाय ४८० ठिपक्यांचं होतं, आणि ते काढायला त्या काळच्या व्हॅक्स संगणकाला ७४ मिनिटं लागली.

आता गेमकडे या. १९२० बाय १०८० म्हणजे साधा फुल एचडी पडदा. त्यात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. सेकंदाला ६० चित्रं हवीत. म्हणजे प्रत्येक ठिपक्याला फक्त एकच किरण पाठवायचा म्हटला तरी सेकंदाला १२ कोटी ४४ लाख किरण. शिवाय प्रत्येक किरण आपटल्यावर सावलीसाठी एक, प्रतिबिंबासाठी एक, असा वंश वाढत जातो. एका चित्राला वेळ किती? १७ मिलिसेकंदांपेक्षाही कमी. व्हिटेड यांच्या ७४ मिनिटांशी तुलना केलीत की गेमवाल्यांनी इतकी वर्षं या पद्धतीला हात का लावला नाही, ते कळतं.

मग इतकी वर्षं गेममध्ये उजेड कसा दिसत होता? आपल्या संगीत नाटकांचे जुने पडदे आठवा. राजवाड्याचा पडदा, जंगलाचा पडदा, रस्त्याचा पडदा. खांबावर ऊन पडलेलं, कमानीखाली सावली, सगळं रंगवून ठेवलेलं. नट पुढे येऊन उभा राहिला तरी पडद्यावरची सावली हलत नाही. गेमनी हेच केलं. १९९६ सालच्या 'क्वेक'मध्येसुद्धा भिंतींवरचा उजेड आधीच मोजून भिंतीला चिकटवलेला होता. खेळाडूच्या संगणकाने तो फक्त दाखवायचा. उजेडाचा हिशोब गेम बनवणाऱ्यांच्या कचेरीत, त्यांच्या यंत्रावर, त्यांच्या खर्चाने आधीच झालेला असायचा. हे 'त्यांच्या खर्चाने' लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आता इथे एक समज दूर करायला हवा. रंगवलेला पडदा म्हणजे कमी दर्जाचा असं नाही. स्टॉकहोमच्या डाइस या स्टुडिओचा २००८ सालचा 'मिरर्स एज' बघा. पांढरंशुभ्र शहर, गच्च्यांवरून पळणारी नायिका, आणि एका लाल दरवाजाचा रंग शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर हलकाच सांडलेला. तो सगळा उजेड आधी मोजलेला आहे. आणि तो आजही सुंदर दिसतो! कारण त्या शहरात सूर्य जागचा हलत नाही, भिंती पडत नाहीत. जे स्थिर आहे ते रंगवून ठेवलं. यात लबाडी नाही, शहाणपण आहे.

त्याच डाइसने दहा वर्षांनी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, 'बॅटलफील्ड ५' काढला. एनव्हिडियाची रे ट्रेसिंगवाली पहिली कार्डं, म्हणजे आरटीएक्स २० मालिका, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आली होती, आणि हा त्यांच्यासाठीचा पहिला मोठा गेम. किरणांचा उपयोग कशासाठी केला? प्रतिबिंबांसाठी. डबक्यात आग दिसते, गाडीच्या पत्र्यात आग दिसते. दिसतं छान. पण हा युद्धाचा वेगवान खेळ आहे हो. चहूकडून गोळ्या येत असताना डबक्यात कोण वाकून बघणार? आणि त्या प्रतिबिंबांसाठी सुरुवातीला फ्रेम इतक्या घसरायच्या की ऑनलाइन खेळणारे पहिलं काम काय करायचे, तर रे ट्रेसिंग बंद. (हशा) म्हणजे एकाच स्टुडिओने आधी मोजलेल्या उजेडातून गेमचा आत्मा घडवला, आणि जिवंत उजेडातून गेमचा दागिना घडवला. तंत्र नवं असणं आणि तंत्राला काम मिळणं, या वेगळ्या गोष्टी आहेत.

काम मिळालं ते पुढे. २०१९ सालचा रेमेडी या फिनिश स्टुडिओचा 'कंट्रोल'. एका सरकारी खात्याची इमारत. काँक्रीट, लांब मोकळे मजले, काचेचे पडदे. काचेत तुमच्या मागचा मजला दिसतो, कधी तुम्ही स्वतः दिसता. ज्या गेमचा विषयच मुळी 'इथे जे दिसतं ते खरं आहे का' असा आहे, त्याला प्रतिबिंब हे भाषेसारखं वापरता आलं. आणि त्याहून पुढचं पाऊल फोर-ए गेम्सच्या 'मेट्रो एक्सोडस'ने टाकलं. जमिनीखालच्या बोगद्यांतून वर येणाऱ्या माणसांची ही गोष्ट. मे २०२१ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. पडकं घर, अंधारी खोली, फळीच्या फटीतून येणारी उन्हाची एक तिरीप, आणि तेवढ्या तिरिपेने उजळलेला कोपरा. दार उघडलं तर खोली बदलते. अंधार किती हे कुणी रंगवलेलं नाही, ते ठरतं. या गेममध्ये उजेड म्हणजे दिलासा आहे, अंधार म्हणजे धोका आहे. इथे किरण कथेसाठी राबतात.

पण या आवृत्तीची एक अट होती. रे ट्रेसिंगचं हार्डवेअर असलेलं कार्ड नसेल तर ती चालतच नाही. बंद करायचं बटणच नाही. जुनी आवृत्ती वेगळी उपलब्ध होती म्हणून कुणी फार ओरडलं नाही. पण वारा कुठून वाहतो ते कळलं होतं.

आता तो 'खर्च' आठवा. उजेड आधी मोजून ठेवायचा म्हणजे स्टुडिओला वेळ लागतो. कलाकाराने खिडकी दोन हात सरकवली की हिशोब पुन्हा. जिथे खरा हिशोब जमत नाही तिथे खोटे दिवे लावा, ते लपवा, पुन्हा तपासा. जिवंत किरण आले की हे काम मोठ्या प्रमाणात वाचतं. 'डूम'वाल्या आयडी सॉफ्टवेअरने २०२५ सालच्या 'डूम : द डार्क एजेस'बद्दल बोलताना हे लपवलेलं नाही, रे ट्रेसिंग नसतं तर काम फार लांबलं असतं, असंच ते सांगतात. कलाकाराच्या दृष्टीने ही मुक्ती आहे आणि मी तिचं स्वागत करतो. पण हिशोब नाहीसा झाला का? नाही. तो फक्त जागा बदलून तुमच्या घरी आला. आता तो तुमच्या कार्डाने करायचा, तुमच्या विजेवर, तुमच्या पैशाने. रे ट्रेसिंगची ही बाजू जाहिरातीत येत नाही. उजेडाच्या हिशोबाचा भार स्टुडिओकडून खेळाडूकडे सरकला. आणि एकदा तो सरकला, की उजेड कुणाला दिसणार हे प्रवेशाच्या किमतीवर ठरतं.

या जागी नवी चिप महत्त्वाची होते.

आर्कच्या आत काय आहे, थोडक्यात सांगतो. किरण कशावर आपटला हे शोधायचं म्हणजे लाखो त्रिकोणांतून एक शोधायचा. प्रत्येकाला विचारत बसलात तर जन्म जाईल. म्हणून सगळं जग पेट्यांमध्ये घालतात. मोठ्या पेटीत लहान पेट्या, त्यांत आणखी लहान. टपालावरच्या पत्त्यासारखं. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग घर. जिल्हाच जुळला नाही तर त्यातली सगळी गावं एका झटक्यात बाद. एएमडीने २०२० मध्ये आपल्या आरडीएनए २ चिपमध्ये पेटी तपासायचं काम खास यंत्रणेकडे दिलं, पण एका पेटीतून दुसरीत जायचा प्रवास सर्वसाधारण कोअरवर ठेवला. इंटेलने पहिल्याच खेपेला तो प्रवाससुद्धा खास यंत्रणेत बसवला. ए७७० मध्ये ३२ कोअर आहेत आणि प्रत्येकाला स्वतःचं एक रे ट्रेसिंग युनिट. शिवाय आणखी एक अडचण असते. ग्राफिक्स चिप कवायतीच्या तुकडीसारखी चालते. सगळ्यांनी एकाच वेळी एकच पाऊल टाकायचं. किरण आपटून इकडेतिकडे पांगले, एक काचेवर गेला, एक मातीवर, एक पाण्यावर, की कवायत मोडते. इंटेलने त्यासाठी पांगलेल्या कामांची पुन्हा वर्गवारी करून तुकड्या लावणारं एक युनिट ठेवलं. परिणाम काय? रे ट्रेसिंग चालू असताना ए७७० हे कार्ड अनेक चाचण्यांत एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६०च्या बरोबरीने उभं राहिलं, काही ठिकाणी पुढे गेलं. पहिल्या प्रयत्नाला ही मोठी गोष्ट आहे.

मग ते अडखळलं कुठे? इथे गंमत आहे. ते नव्या उजेडात अडखळलं नाही. ते जुन्या गल्लीत अडखळलं.

२०१२ सालचा 'काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह' घ्या. डायरेक्टएक्स ९ वर चालणारा, अगदी साध्या कार्डावरही पळणारा गेम. आर्कवर तो सुरुवातीला अडखळत चालायचा. कारण असं. जुन्या डायरेक्टएक्समध्ये गेम फक्त 'हे काढ' एवढं सांगतो. कसं काढायचं, स्मृतीत काय कुठे ठेवायचं, हे बरंचसं ड्रायव्हर ठरवतो. एनव्हिडियाच्या आणि एएमडीच्या ड्रायव्हरमध्ये एकेका गेमच्या खोडी, त्याच्या चुका, त्यावरचे तोडगे, असं वीसेक वर्षांचं शहाणपण साठलेलं आहे. ते कुठल्या पुस्तकात मिळत नाही, विकत मिळत नाही. नव्या डायरेक्टएक्स १२ मध्ये ही जबाबदारी बरीच गेम बनवणाऱ्याकडे गेली, म्हणून नव्या गेममध्ये नवखा गडीही बरोबरीने धावला. इंटेलने सुरुवातीला डायरेक्टएक्स ९ चं भाषांतर करून ते १२ वर चालवलं. भाषांतरात रस गळतो, हे तुम्हाला मी काय सांगू! (हशा) पुढच्या काही महिन्यांत त्यांनी ही व्यवस्था बदलली आणि जुने गेम खूप सुधारले. फेब्रुवारी २०२३ मध्ये ए७५० ची किंमतही २४९ डॉलरवर आणली. इंटेलचे त्या वेळचे प्रमुख पॅट गेल्सिंगर यांनी आधीच मान्य केलं होतं, की प्रोसेसरमधल्या अंतर्भूत ग्राफिक्सचं सॉफ्टवेअर इथे चालून जाईल असं कंपनीला वाटलं होतं, आणि ते पुरलं नाही.

आणि इंटेलला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं असंही नाही. इतिहास होता. १९९८ साली त्यांनीच आय७४० नावाचं कार्ड आणलं होतं. ते फार टिकलं नाही. २००९ साली लॅराबी नावाच्या चिपवर त्यांनी 'क्वेक वॉर्स' हा गेम रे ट्रेसिंगने चालवून दाखवला. तेव्हाही उजेडच दाखवला, बघा! त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ती चिप ग्राफिक्स कार्ड म्हणून बाजारात येणार नाही असं जाहीर झालं. इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीज या ब्रिटिश कंपनीने तर २०१४ सालीच मोबाइलसाठी रे ट्रेसिंगची चिप जाहीर केली होती, म्हणजे एनव्हिडियाच्या चार वर्षं आधी. तिच्यासाठी कुणी फोनही बनवला नाही, गेमही बनवले नाहीत. आव्हान देणारा नेहमी नवं काहीतरी घेऊन येतो. पण लोक कार्ड घेतात ते पुढच्या वर्षीच्या गेमसाठी घेतल्याचं सांगून, आणि घरी जाऊन लावतात दहा वर्षांपूर्वीचा गेम. प्रस्थापिताची खरी तटबंदी तिथे असते.

आता माझ्या मुख्य मुद्द्याचा पुरावा देतो. डिसेंबर २०२४ मध्ये 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' हा गेम आला. यातही रे ट्रेसिंग बंद करायची सोय नाही. या गेमसाठी किमान काय लागेल, त्याच्या यादीत एका ओळीत तीन कार्डं आहेत. एनव्हिडियाचं आरटीएक्स २०६० सुपर, एएमडीचं आरएक्स ६६०० आणि इंटेलचं आर्क ए५८०. आता या तिघांच्या बाजारात येतानाच्या किमती ऐका. पहिलं २०१९ साली ३९९ डॉलर. दुसरं २०२१ साली ३२९ डॉलर. तिसरं २०२३ साली १७९ डॉलर. साल वेगवेगळं आहे, जुनी कार्डं पुढे स्वस्त झाली, वापरलेलीही मिळतात. ही तुलना तोळामाशाची नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही त्या एका ओळीत जे लिहिलंय ते मला कुठल्याही लांब पट्ट्यापेक्षा मोलाचं वाटतं. ज्या गेमने 'रे ट्रेसिंग नसेल तर येऊ नका' अशी पाटी लावली, त्याच्या दारात तिसऱ्या कंपनीने १७९ डॉलरची पायरी ठेवली.

म्हणून मी म्हणतो, शिखर किती उंच गेलं यावर नव्या चिपला जोखू नका. उंबरठा किती खाली आला यावर जोखा. आरटीएक्स ४०९० ने शिखर उंचावलं. त्याने एकाही नव्या माणसाला आत घेतलं नाही. आर्कने तो प्रयत्न केला.

पण समीक्षक म्हणून इथे थांबता येणार नाही, कारण आर्कचा सगळ्यात मोठा दोष नेमका याच उंबरठ्यावर आहे. या कार्डांना रिसायझेबल बार नावाची सोय लागते. म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी स्मृती एकदम दिसावी लागते. जुन्या पद्धतीत ती २५६ मेगाबाइटच्या छोट्या खिडकीतून दिसायची. ही सोय नसेल तर आर्क फार मंदावतं. जुन्या मदरबोर्डांवर ती बऱ्याचदा नसते. डिसेंबर २०२४ मध्ये आर्कची दुसरी पिढी आली. बी५८०, १२ गिगाबाइट स्मृती, २४९ डॉलर. त्या किमतीच्या मानाने ही स्मृती भरघोस होती. सगळ्यांनी कौतुक केलं, मीही करतो. पण जानेवारी २०२५ मध्ये काही चाचणीकारांनी दाखवलं, की जुना किंवा साधा प्रोसेसर असेल तर हे कार्ड अपेक्षेपेक्षा बरंच मागे पडतं. ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त ओझं टाकतो.

याचा अर्थ लक्षात घ्या. स्वस्त कार्ड कोण घेतं? लॅमिंग्टन रोडवर जाऊन जो पाच वर्षांच्या जुन्या संगणकात फक्त कार्ड बदलू पाहतो, तो. त्याचाच प्रोसेसर जुना असतो. ज्याच्यासाठी उंबरठा खाली आणला, त्यालाच आपण सांगतो की बाबा, दार ठेंगणं केलंय, पण आत यायला नवे जोडे हवेत. चाचण्या मात्र सगळ्यात महागड्या प्रोसेसरवर होतात, म्हणजे अडथळा कार्डाचाच दिसावा. ती पद्धत शास्त्र म्हणून बरोबर आहे. पण ज्याने कार्ड घ्यायचं त्याचं घर त्या पट्ट्यांमध्ये नसतं. ही नोंद उशिरा झाली, आणि झाली तेव्हा अनेकांनी कार्ड घेऊन टाकलेलं होतं.

दुसरी काळजी हिशोबाची. ए७७० ची चिप ४०६ चौरस मिलिमीटरची. जिच्याशी ती स्पर्धा करत होती ती आरटीएक्स ३०६० ची चिप २७६ चौरस मिलिमीटरची. दुसऱ्या पिढीत बी५८० ची २७२, आणि तिच्या समोरच्या आरटीएक्स ४०६० ची १५९. चिप जितकी मोठी तितका एका तबकडीतून माल कमी निघतो, आणि खर्च वाढतो. म्हणजे इंटेल जास्त कापड वापरून त्याच मापाचा सदरा शिवते आणि कमी दराने विकते. गिऱ्हाइकाला बरं वाटतं. पण शिंपी किती दिवस टिकेल?

आणि सप्टेंबर २०२५ मध्ये बातमी आली, की एनव्हिडिया इंटेलमध्ये ५ अब्ज डॉलर गुंतवणार, आणि इंटेल एनव्हिडियाचे ग्राफिक्स भाग बसवलेले प्रोसेसर बनवणार. ज्याला आव्हान द्यायचं त्याचंच भांडवल घरात आलं. यातून आर्क बंद होईलच असं मी म्हणत नाही. असं काही जाहीर झालेलं नाही. पण एक गोष्ट आपल्या हातात आहे. तिसरा गडी मैदानात असण्याची किंमत काय होती, ते तो असतानाच नीट लिहून ठेवणं. नाहीतर उद्या तो गेला, तर आपण एवढंच म्हणू की त्याचा पट्टा आखूड होता.

माझा निवाडा असा. रे ट्रेसिंग ही गेमच्या कलेतली खरी भर आहे, पण 'मेट्रो'सारखं तिला काम दिलं तरच. डबक्यातल्या आगीसाठी नव्हे. आर्क ही चांगली चिप आहे, आणि तिने बरोबर जागी घाव घातला. मात्र स्वस्त कार्डाची परीक्षा स्वस्त संगणकातच व्हायला हवी, आणि त्या परीक्षेत ती अजून पूर्ण उतरलेली नाही.

प्रश्नोत्तरे

प्रश्न : सर, मुलगा मागे लागलाय. मग आर्क घ्यावं का?

उत्तर : आधी त्याच्या संगणकाचं वय विचारा. मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये रिसायझेबल बार आहे का ते बघा. प्रोसेसर कोणता ते बघा. तिसरं, तो प्रत्यक्षात कोणते गेम खेळतो त्यांची यादी त्याच्याकडून लिहून घ्या. जे खेळणार म्हणतो त्यांची नको. (हशा) त्या यादीतले गेम त्या कार्डावर, तुमच्यासारख्याच प्रोसेसरवर कसे चालतात, ते शोधा. ब्रँडचं नाव सगळ्यात शेवटी.

प्रश्न : रे ट्रेसिंग बंद करून खेळलं तर बिघडतं कुठे? आम्ही इतकी वर्षं खेळलोच की.

उत्तर : जिथे बटण आहे तिथे काही बिघडत नाही. खुशाल बंद करा. 'बॅटलफील्ड' तर बंद करूनच खेळा. पण बटण असलेले गेम आणि बटण नसलेले गेम, असे दोन ढीग आता पडायला लागलेत, आणि दुसरा ढीग वाढतो आहे. त्यात वाईट हेतू नाही, स्टुडिओचा वेळ खरंच वाचतो. फक्त इतकं मागावं, की जो उजेड आता आमच्या खर्चाने मोजला जातो, तो मोजणारं साधं यंत्र साध्या माणसाला परवडेल अशा किमतीत मिळत राहो. आणि ते यंत्र बनवणारे एकापेक्षा जास्त असोत.